सप्लायवर आमचा मार्का

माझ्या धाकट्या भावाचा स्वतःच्या डाव्या हातावर फार भरवसा होता. चिकू असो, नारळ असो की कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, वस्तू डाव्या तळहातावर घ्यायची, हलकेच वर उडवून पुन्हा झेलायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. डावाच का, असं विचारलं की म्हणायचा, "उजवा कामाचा हात. त्याला सकाळपासूनच सगळं जड लागतं." असलं काहीतरी गंभीर चेहऱ्याने सांगण्यात तो पटाईत होता.

२०१४ साली डहाणू रोड स्टेशनाजवळ आम्ही दोघांनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. जोडणी आणि दुरुस्ती त्याच्याकडे; झेरॉक्स, प्रिंट आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. भांडणं कमी पडायला लागली तशी मीही स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि त्याच्या बाजूला बसून काम शिकले. घरची चिकूची वाडी होतीच. आई म्हणायची, दोन्हीकडे खोकीच भरताय, वेगळं काय करताय?

कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला एक पत्र्याचा चौकोनी डबा असतो, तो पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक मंडळींना पचेल अशी करून वाढायची, एवढंच त्याचं काम. गिऱ्हाईक त्याची कधी चौकशी करत नाही. रॅम विचारेल, हार्ड डिस्क विचारेल, स्क्रीन केवढा ते तर पहिलं विचारेल. सप्लाय म्हणजे पेटीबरोबर आलेला कुणीतरी. आणि सगळ्या पेटीला आग लावायची ताकद मात्र त्या एकट्यात असते.

नावाजलेल्या कंपनीचा सप्लाय आमच्याकडे कोणी मागायचं नाही, परवडायचाही नाही. वापीहून माल यायचा, खोक्यावर अशी इंग्रजी नावं की जी आधी कधी ऐकली नाहीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिसली नाहीत. त्यातला बरा कुठला आणि टाकाऊ कुठला, हे ओळखणं आमचं आम्हालाच भाग होतं. लेबलावरचे वॅट म्हणजे स्थळ सांगून आलेल्या मुलाचा पगार. निम्मा धरून चालायचं. म्हणून आम्ही बाहेर आलेल्या तारा चिमटीत धरून त्यांची जाडी बघायचो. मागच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघायचो, कारण जिथे तांब्याची वेटोळी हवीत तिथे काही लबाड नुसती साधी तार जोडून मोकळे होतात. मग रिक्षाचे हेडलाईट जोडून अर्धा तास भार द्यायचा, पिवळ्या तारेवर मीटर लावायचा आणि शेवटी नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. उघडून बघायची सोय नसायची. डब्यावरचं सील फुटलं की वॉरंटी गेली.

पण या सगळ्याच्या आधी वजन. हलका डबा भाऊ टेबलावर ठेवूसुद्धा देत नसे. त्यात तथ्यही होतं; आत तांबं आणि ॲल्युमिनियम पुरेसं घातलेलं असेल तर डबा जड लागणारच. तरी मी त्याला चिडवायची, "तू चिकू घेतोयस की सप्लाय?" तो म्हणायचा, "पोकळ फळ हाताला कळतं, ताई. डोळ्याला नाही कळत."

२०१५ च्या सुमारास वापीचा एक व्यापारी पिवळ्या लेबलाचा सप्लाय घेऊन आला. नाव कधी न ऐकलेलं. त्याने वॅट सांगितले नाहीत, गुणगान केलं नाही, नुसता डबा पुढे केला. "हाथमां लई जुओ, भाई." भावाने डाव्या हातावर घेतला, उडवला, झेलला. त्याचा चेहरा खुलला. हेडलाईट लावले तर तेही नीट पेटून राहिले, वास नाही, काही नाही. पुढची दोन वर्षं डहाणू आणि तलासरी तालुक्यांत आम्ही जोडून दिलेल्या बहुतेक पेट्यांत तो पिवळ्या लेबलाचा डबाच गेला.

आणि प्रत्येक डब्यावर आमचा मार्का गेला. चिकू मुंबईला पाठवताना आमचे बाबा प्रत्येक खोक्यावर एक गोल काढायचे आणि त्यात दोन आडव्या रेघा. तो आमच्या वाडीचा मार्का. मार्का घातला म्हणजे आतलं फळ आपण हाताळलंय, खराब निघालं तर बोल आपल्याला. मग खोक्याच्या झाकणावर बोटांनी दोनदा टक टक करायचं, की खोका गेला. बाबा गेले तेव्हा ती सवय भावाने उचलली आणि दुकानातही आणली. पास झालेल्या सप्लायवर काळ्या मार्कर पेनने गोल आणि दोन रेघा. पेटी बंद करून झाली की पत्र्यावर टक टक. गिऱ्हाइकं हसायची. मीसुद्धा हसायची.

२०१७ च्या दिवाळीनंतर तलासरीहून परत येताना हायवेवर ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली. त्याबद्दल इथे याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्याच्या खोलीत त्याने स्वतःसाठी जोडलेला कॉम्प्युटर होता. तो गेल्यावर कोणी वापरला नाही, पण आईने भिंतीवरचा स्विच बंद करू दिला नाही. स्विच चालू असला की बंद स्क्रीनच्या कोपऱ्यात एक नारिंगी दिवा जळत राहतो. आई त्याला "त्याचा दिवा" म्हणायची. वीज जाऊन परत आली की आधी देवघराकडे नाही, त्या खोलीकडे बघायची. मी दुकान एकटीने चालवायला लागले होते आणि उगाच वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

२०१८ च्या शेवटाला जमीन हलायला लागली. आमच्या भागातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. आधी खालून आवाज यायचा, सुरुंग लावल्यासारखा, मग भांडी वाजायची. तलासरीकडे जास्त. घरांना तडे गेले, माणसं अंगणात ताडपत्री बांधून राहू लागली. आमच्या वाडीपर्यंत धक्का यायचा तो मऊ होऊन; फळीवरच्या बरण्या एकमेकींना लागायच्या आणि थांबायच्या. पण थांबल्यावर, किंवा थांबता थांबता, भावाच्या खोलीतून आवाज यायचा. टक टक.

पहिल्यांदा आईने ऐकलं. मी दुकानातून आले तर ती ओटीवर बसून होती, शांत. म्हणाली, "आज आला होता गो. पेटीवर वाजवून गेला."

मी भूतखेत मानणारी नाही. तरी हातातली पिशवी खाली ठेवायला मला वेळ लागला. नंतर एका दुपारी मी घरी असताना धक्का बसला आणि तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. अगदी त्याच्या बोटांचा. आईने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. अंगावर काटा आला होता आणि तो तिला दिसू नये एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

त्याच दिवसांत दुकानात एका मागून एक बंद पडलेल्या पेट्या येऊ लागल्या. धक्का बसला, आत फट् झालं, धूर आला, संपलं. मी म्हटलं, विजेचा लपंडाव चाललाय, त्याने होत असेल. आमच्याकडे कशाचंही खापर विजेवर फोडता येतं.

मग तलासरी नाक्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर चालवणारा एक गृहस्थ आला. त्याने पेटी आणलीच नव्हती. त्याने एक लोखंडाची जाड पट्टी माझ्या काउंटरवर आपटली.

"हे तुमच्या डब्यातून निघालं," तो म्हणाला. "माझ्या भाच्याने उघडला. कशाला जोडलेली नाही, कशाच्या कामाची नाही. आतून पत्र्याला गोंदाने चिकटवली होती. धक्क्यांनी सुटली, आत आडवी पडली आणि सगळं शॉर्ट."

मी पट्टी उचलली. जड होती. ती आत कशासाठी घातली असेल हे मला सांगावं लागलं नाही.

"वजनासाठी," तोच म्हणाला. "जड लागावा म्हणून. आणि वर तुमचा तो मार्का. ताई, तुमचा भाऊ सगळं तपासून द्यायचा ना? मग हे दिसलं नाही? की दिसलं आणि तरी दिलं?"

"सील असतं. उघडता येत नाही," मी म्हटलं.

"असेल. पण मला एक सांगा. त्याच्या स्वतःच्या घरच्या मशीनमध्ये असला डबा बसवला असता का त्याने?"

मी त्याच्याशी कडाकडा भांडले. माणूस मेल्यावर त्याच्या मार्क्यावर बोलायला लाज वाटत नाही का, असंही म्हटलं. त्याने मान खाली घातली, पण प्रश्न मागे घेतला नाही. मी त्याला दुसरा चांगला सप्लाय दिला आणि तो गेल्यावर शटर अर्धं ओढून बसून राहिले.

कारण प्रश्न बरोबर होता. उत्तर आमच्याच घरात होतं, त्या खोलीत. पेटीच्या बाजूचा पत्रा काढला की दिसलं असतं. आत तोच पिवळ्या लेबलाचा डबा निघाला तर माझा भाऊ फसला होता, तलासरीतल्या, झरीतल्या, सायवनमधल्या गिऱ्हाइकांसारखाच. पण आत भारीतल्या कंपनीचा निघाला तर? म्हणजे माल कसला आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून स्वतःला वेगळा आणि लोकांना हा. आणि वर बाबांचा मार्का. मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा घालवायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी पत्रा काढला नाही. आईला त्रास होईल असं स्वतःला सांगितलं, ते सोयीचं होतं.

त्याऐवजी मी बाकीचे डबे परत आणायला निघाले. वापीच्या व्यापाऱ्याचा फोन कधीच बंद पडला होता. कुणाकुणाकडे पेट्या गेल्या हे सगळं भावाच्या डोक्यात होतं, ते डोकं आता नव्हतं. म्हणून विचारत विचारत गेले. धाकट्या डहाणूत खाडीजवळ एका घरी, तिथून सायवनला, तिथून आणखी कुठे. पेटी उघडायची, धूळ फुंकायची की खाली पिवळं लेबल आणि त्यावर गोल, दोन रेघा. कुठे रेघ वाकडी, कुठे घाईत काढलेली. एका डब्यावर मार्करची शाई संपत आली होती म्हणून त्याने गोल दोनदा गिरवला होता. मी ज्या घरी जाईन तिथे तो माझ्याआधी येऊन गेलेला असायचा. मला कधी राग यायचा, कधी तो गोल नुसता अंगठ्याने पुसून बघायची. तो पुसला जायचा नाही.

झरीला एका शेतकरी घरात गेले तेव्हा दुपार होती. घराच्या भिंतीला तडा गेलेला, म्हणून संसार अंगणात, निळ्या ताडपत्रीखाली. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला कॉम्प्युटर बाजेवर, वर चादर घातलेली, बोर्डाची तार घरातून ओढून आणलेली. घरधनीण मला चहा देत होती तेवढ्यात खालून तो आवाज आला. कोंबड्या पळाल्या, कप बशीत थरथरला. आणि माझ्या बाजूला, चादरीखालून, टक टक.

हातातला चहा सांडला. बाईला वाटलं मी धक्क्याला घाबरले.

"काय नाय ताई," ती म्हणाली, "धक्का आला का ह्यो असाच बोलतो. मंगरवारपासून बोलतो."

मी तार ओढून काढली. पेटी उघडली, डबा काढला आणि कानाशी धरून हलवला. टक टक. आतली पट्टी एका बाजूने सुटली होती, दुसऱ्या बाजूने अजून चिकटलेली होती, आणि सुटलेलं टोक पत्र्यावर आपटत होतं.

तिथे त्या परक्या अंगणात मला आनंद झाला. सांगायला संकोच वाटतो, पण अगदी नाचावं असा. घरच्या पेटीत वाजतं ते हेच. म्हणजे त्याने स्वतःलाही हाच बसवला होता. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ भीती आली, कारण घरचा स्विच चालू होता, म्हणजे डब्यात वीज होती, पट्टी लोंबत होती आणि आई एकटी होती.

आईला फोन लावला. "त्याच्या खोलीतला स्विच बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणते ना. मग सांगते."

"ते मी करायची नाही," आई म्हणाली आणि फोन ठेवला. हट्टीपणा आमच्या घरात कोणाकडून आला याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

झरी ते आमची वाडी, स्कूटर मी कशी चालवली ते आठवत नाही. हायवेवर त्याच्या अपघाताची जागा आली की मी दर वेळी नजर वळवते, त्या दिवशी वळवायचीही विसरले. घरी पोचले तर आई ओटीवर चिकू निवडत होती. धूर नव्हता. मी चपलांसकट आत गेले आणि स्विच बंद केला. नारिंगी दिवा विझला. आई दारात येऊन उभी राहिली.

मी पेटीचा पत्रा काढला. आत पिवळं लेबल होतं. त्यावर गोल, दोन रेघा, सगळ्यांत नीट काढलेल्या. घरातल्या घरात वापरायच्या डब्यावरसुद्धा त्या वेड्याने मार्का घातला होता. कोणाला दाखवायला? मी तिथेच फरशीवर बसले आणि तो गेल्यापासून रडले नव्हते तशी रडले.

मग सील फोडून डबा उघडला. पट्टी गोंदाच्या एका टिपक्यावर लोंबत होती, टोक आतल्या भागांपासून नखभर लांब. ती मी तोडून काढली आणि डाव्या हातावर घेतली. खरंच, हाताला छान भरीव लागत होती. ज्याने कुणी ती घातली त्याला आमच्यासारखी माणसं पक्की माहीत होती. हेडलाईट, मीटर, नाक, यांना फसवायची त्याला गरज नव्हती. फळ हातावर तोलून बघणाऱ्याच्या हाताला फसवलं की पुढचं सगळं तो स्वतःच पास करतो.

त्या जागी नवा सप्लाय बसवला, स्विच लावला, दिवा पुन्हा लागला. आईला पट्टी दाखवून आवाजाचं कारण सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी तलासरीच्या त्या माणसाला फोन केला. "आमच्या घरच्या मशीनमध्येही तोच निघाला," एवढंच म्हटलं. मग तो म्हणाला, "मग त्यालाही फसवलं म्हणायचं. ताई, मी बोललो ते मनात ठेवू नका." मी ठेवलं नाही म्हटलं. थोडं ठेवलं होतं.

पुढचा धक्का काही दिवसांनी आला, दुपारचाच. आई आणि मी ओटीवर चिकू निवडत होतो. जमिनीखालून गडगड आली, बरण्या वाजल्या, थांबल्या. आईचा हात चिकूवर तसाच राहिला. ती खोलीच्या दाराकडे बघत होती. आतून काही आलं नाही. ती बघतच राहिली. मला ते बघवेना. मी उठले, खोलीत गेले आणि पेटीच्या पत्र्यावर दोन बोटांनी टक टक केलं.

"राहू दे गो," बाहेरून आई म्हणाली.

मी दारात आले. तिने वर बघितलं नाही.

"पत्रा वाजतोय ते मला काय कळत नव्हतं? एवढी वर्षं खोकी भरली मी." तिने पदराने हात पुसले. "पण त्याच्या पेटीत वाजत होता ना."

मग तिने पुढचा चिकू उचलला, हातावर तोलला आणि खोक्यात ठेवला.